प्रतिसाद: मुशर्रफ यांची आणीबाणी

पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आणि लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ यांनी ३ नोव्हेंबर २००७ ला लादलेली आणीबाणी अतिरेक्यांना आवरण्यासाठी होती, असं मत मांडलं जातं; ते मला अजिबात पटत नाही. वायव्येकडचं स्वात खोरं अतिरेक्यांमुळे पेटलं होतं हे खरं. पण मुशर्रफ यांना लष्करी गणवेशात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता येते का, यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तोंडावर होता, तो कसा विसरायचा? घोषणेतच दहशतवादाच्या जोडीला न्यायाधीशांच्या 'हस्तक्षेपा'चा पाढा वाचला होता. आणि मुशर्रफ यांची सही राष्ट्राध्यक्ष म्हणून नाही, लष्करप्रमुख म्हणून!

त्याच संध्याकाळी सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरींसह सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी या घोषणेविरुद्ध आदेश काढला. २००० साली याच चौधरींनी मुशर्रफ यांच्या हंगामी घटनेखाली (मूळ घटना स्थगित करून काढलेल्या आदेशाखाली) शपथ घेतली होती, हेही नोंदवायला हवं. या वेळी मात्र बहुसंख्य वरिष्ठ न्यायाधीशांनी तशाच नव्या शपथेला नकार दिला आणि त्यांना पदावरून हटवलं गेलं. खाजगी वृत्तवाहिन्या बंद पडल्या, मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या वकील अस्मा जहांगीर नजरकैदेत गेल्या, काळ्या कोटातले वकील लाठ्या खात तुरुंगात गेले. त्या वकिलांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आणीबाणी १५ डिसेंबरला उठली, पण चौधरी परत खुर्चीवर बसायला मार्च २००९ उजाडला.