रंगकामाच्या लीडचा दर नक्की कशावर ठरतो?

रंगारी_वाकड
नमस्कार मंडळी. वाकड-रावेत भागात रंगकाम घेतो, हाताखाली चार पोरं आहेत. दिवाळीची कामं मिळावीत म्हणून एका ॲपवर क्रेडिटचं पॅकेज भरलं, म्हणजे आगाऊ पैसे. तिथे एका खोलीची लीड (काम हवं असलेल्या ग्राहकाचा नंबर) 120 रुपयांना आणि थ्री बीएचकेची 450 ला. फोन नंबर तर दोन्हीकडे दहाच आकडी! परवा एका सोसायटीत साइट बघायला गेलो, तर लिफ्टमध्ये दुसरा रंगवाला शेड कार्ड काखेत मारून उभा. वर पोचलो तर तिसरा भिंतीला टेप लावतोय. मॅडम म्हणाल्या, "मला फक्त अंदाज हवा होता, रंग पुढच्या वर्षी." आमचे तिघांचे पैसे कापून झाले होते. गणपतीच्या आधी हीच लीड बरीच स्वस्त होती. कंपनीचा माणूस म्हणतो, दर सिस्टीम ठरवते. मग सिस्टीमलाच पाठवा की साइटवर. कोणाला आतली गोष्ट माहीत आहे का?

जुना_सेल्सवाला
दादा, मी असली पॅकेजेस विकली आहेत, त्यामुळे शिव्या अर्ध्या मलाच पडू देत. तुम्ही नंबर विकत घेत नाही, होऊ शकणाऱ्या बिलावरची बोली घेता. ग्राहकाने फॉर्ममध्ये किती खोल्या, कुठला एरिया, कधी करायचंय हे भरलं की काम अंदाजे केवढ्याचं ते निघतं. आमच्याकडे दर तिथून सुरू व्हायचा. मग त्या पिनकोडात पैसे भरून बसलेले किती, ते बघायचे. वाकडला रंगवाल्यांची झुंबड, त्यात दिवाळी, म्हणजे दर चढणारच. तीच लीड तीन-चार जणांना विकली जाते, एकट्यालाच हवी असेल तर भाव वेगळा. ग्राहक रंगवणार की नुसता चौकशी करतोय, हे या दरात फारसं धरलेलंच नसतं. नंबर बंद लागला किंवा तुमच्या एरियाबाहेरचा निघाला तर क्रेडिट परत मागा, त्याला मुदत असते, ती बघून ठेवा. "पार्टी नाही म्हणाली" याला परतावा मिळत नाही.

ठाण्याची_वॉटरप्रूफिंगवाली
भाऊ, तुम्हाला 450 टोचतायत, पण खिसा 120 वालीच कापतेय. धरा की पाच लीडमागे एक काम बसतं. 120 ची पाच म्हणजे 600, वर 18 टक्के जीएसटी, झाले 708. एका खोलीचं काम सहा हजाराचं, त्यात पंधरा टक्के सुटले तर 900. म्हणजे हातात दोनशेच्या खाली, पेट्रोल अजून धरलंच नाही. आता थ्री बीएचके: 2250 वर जीएसटी धरून 2655. काम साठ हजाराचं असेल तर सुटतात नऊ हजार. महाग लीडच परवडते. तुमचा जीएसटी नंबर नसेल (सेवेला वर्षाला 20 लाखांपर्यंत लागत नाही), तर तो 18 टक्के गेलाच समजा. नंबर असेल तर तो तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. आमच्याकडे मे महिन्यात गच्चीच्या लीडचे भाव असेच भडकतात, म्हणून मी पॅकेज हिवाळ्यात वापरते.

एडिसनकर
इथे अमेरिकेतही हेच रडगाणं आहे. माझा मेव्हणा न्यू जर्सीत बाथरूमची कामं करतो. होमॲडव्हायझर या लीड विकणाऱ्या कंपनीवर तर लीडच्या दर्जाबद्दल आणि त्यातून किती कामं होतात याबद्दल दिशाभूल केल्याचा ठपका एफटीसीने (ग्राहकांची फसवणूक बघणारी तिथली सरकारी संस्था) ठेवला, आणि 2023 मध्ये 72 लाख डॉलरपर्यंत भरायचा आदेश झाला. आपल्याकडे अर्बनक्लॅपनेही (आताची अर्बन कंपनी) सुरुवात चौकशा विकण्यापासून केली, मग दर स्वतः ठरवून कमिशन घेण्याकडे वळली. कमिशनमध्ये काम झालं तरच पैसे जातात, पण मग भाव तुमचा राहत नाही. कुठला जाच बरा, ते ज्याचं त्याने बघावं.

रंगारी_वाकड
ताई, रात्री वही काढून बसलो. एका खोलीचं बटण बंद केलं. टेक्स्चरची लीड वेगळी येते, ती घेऊ का?

ठाण्याची_वॉटरप्रूफिंगवाली
घ्या, पण साइटवर धावायच्या आधी फोनवर विचारा, अख्खा हॉल की टीव्हीमागची एकच भिंत. आणि घर भाड्याचं आहे का तेही. भाडेकरू असेल तर मालकाशी बोलणं झाल्याशिवाय गाडी काढू नका.