मदत हवी आहे: कोस्टा रिकाचं बजेट

नमस्कार मंडळी, आम्ही ह्यूस्टनला असतो. फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन 8 दिवस कोस्टा रिकाला जायचंय. तिथला तो कोरडा मोसम, म्हणून सगळंच महाग. आधी ला फोर्तूना (ज्वालामुखीजवळचं गाव), मग मॉन्तेव्हेर्दे (डोंगरातलं जंगल), शेवटी मान्युएल आंतोनिओ (समुद्रकिनारा). विमान सोडून चौघांना 3,500 डॉलर पुरतील का? गाडीचं भाडं कमी दिसतं, पण सक्तीचा विमा धरला की आकडा फुगतो. बाबांचे गुडघे दुखतात. ला फोर्तूनाहून मॉन्तेव्हेर्देला जाताना खडबडीत रस्त्यापेक्षा वाटेतलं आरेनाल तळं बोटीने ओलांडणं बरं पडेल का? आई पक्की शाकाहारी. तिथल्या खानावळीत कासादो (भात-घेवड्याचं तिथलं रोजचं ताट) मागवताना काळ्या घेवड्यात चरबी नाही ना, हे स्पॅनिशमध्ये कसं विचारायचं? बाबांना केत्साल पक्ष्याची ती लांब हिरवी शेपटी डोळ्यांनी बघायचीय. त्यासाठी वाटाड्या घ्यावाच का?