चार्टर शाळा बंद करायचीच असेल तर पालकांना कधी कळायला हवं? (लॉस एंजेलिस)

रेसेडाची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. लांबलंय, समजून घ्या.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. चार्टर म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी काढणारी शाळा, पण चालवणारी संस्था वेगळी, तिचं स्वतःचं बोर्ड. कॅलिफोर्नियात १९९२ च्या कायद्याने हे सुरू झालं. परवानगी बहुतेक वेळा त्या गावाचं स्कूल डिस्ट्रिक्ट (तिथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) देतं, साधारण ५ वर्षांची, आणि मुदत संपत आली की शाळेने पुन्हा पेटिशन घेऊन डिस्ट्रिक्टच्या दारात उभं राहायचं, म्हणजेच रिन्यूअल. आमच्या लॉस एंजेलिस डिस्ट्रिक्टकडे अशा २०० च्या वर शाळा आहेत, देशात कुठल्याच डिस्ट्रिक्टकडे एवढ्या नाहीत.

आता मूळ मुद्दा. माझ्या मैत्रिणीची मुलगी याच काउंटीतल्या दुसऱ्या एका छोट्या डिस्ट्रिक्टमधल्या चार्टरमध्ये सहावीला होती. शाळेचं नाव घेत नाही, डिस्ट्रिक्टचंही नाही. रिन्यूअल मार्चमध्ये डिस्ट्रिक्टच्या बोर्डासमोर आलं. डिस्ट्रिक्टच्या अधिकाऱ्यांचा शिफारशीचा रिपोर्ट (स्टाफ रिपोर्ट) कायद्याप्रमाणे १५ दिवस आधी जाहीर झाला आणि त्यात लिहिलेलं की रिन्यू करू नका. ३० जूनला शाळा बंद. आजूबाजूच्या ज्या दोन-तीन शाळांना लोक रांगा लावतात त्यांचे अर्ज नोव्हेंबरमध्येच बंद झालेले, चार्टरच्या लॉटऱ्या होऊन गेलेल्या, मग या पोरांनी जायचं कुठे? जिथे जागा उरलीय तिथे, आणि जागा का उरलीय ते सगळ्यांना ठाऊक असतं.

मी त्या मीटिंगला गेले होते तिच्यासोबत. बोलायला मिनिटभर मिळालं. ती बिचारी कामावरून सुट्टी काढून, कागदावर लिहून घेऊन आलेली, अर्धं वाचून होईतो वेळ संपला.

माझं म्हणणं, शाळा खरंच वाईट असेल तर बंद करा, पण ते ऑक्टोबरपर्यंत सांगा. आणि दुसरं म्हणजे हा निर्णय डिस्ट्रिक्टने घ्यावा हेच मला पटत नाही. एक मूल चार्टरला गेलं की त्याच्यामागचा पैसाही जातो, म्हणजे ज्याचं गिऱ्हाईक पळालं त्याच्याच हातात समोरच्या दुकानाचं लायसन्स.

जुना_मास्तर

ताई, मी लॉस एंजेलिस डिस्ट्रिक्टमध्ये २२ वर्षं गणित शिकवलं, आता रिटायर झालोय. मैत्रिणीच्या मुलीबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण दुकानाची उपमा मला अजिबात मान्य नाही. दुकान लोकांच्या टॅक्सवर चालत नाही. इथे पैसा जनतेचा, आणि त्या पैशाला जबाबदार कोण तर निवडून आलेलं सात जणांचं बोर्ड. डिस्ट्रिक्ट नको तर मग कोण? नकार मिळाला तर अपील आहेच, आधी काउंटीकडे आणि मग स्टेट बोर्डाकडे. स्टेट बोर्ड आता फक्त अधिकाराचा गैरवापर झाला का एवढंच बघतं, आणि ते बरोबर आहे, नाहीतर गावातल्या शाळेचा फैसला राजधानीत, सॅक्रामेंटोत बसून व्हायचा.

आणि पैसे जातात म्हणून नाकारलं हे रिन्यूअलमध्ये करताच येत नाही. २०१९ च्या एबी १५०५ कायद्याने डिस्ट्रिक्टला आर्थिक भार बघायची मुभा दिली ती नवीन शाळांच्या अर्जाला. चालू शाळेला ते कारण लावता येत नाही.

सेलेरिटी ही चार्टर चालवणारी संस्था आठवतेय ना? २०१६ मध्ये आमच्या बोर्डाने त्यांच्या दोन शाळांचं रिन्यूअल नाकारलं, प्रश्न कारभाराचा होता. किती ओरडा झाला, पालक शाळेची शर्टं घालून आलेले. जानेवारी २०१७ ला एफबीआयने ऑफिसवर छापा घातला आणि पुढे संस्थापिकेने कोर्टात गुन्हा कबूल केला, शाळेचे ३२ लाख डॉलर्स गैरवापरात गेले, ३० महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा बोर्डाने पालकांकडे बघून मान डोलावली असती तर?

रेसेडाची_आई

काका, चोरी करणाऱ्याला पकडावं यावर आपलं भांडणच नाही! मैत्रिणीच्या शाळेत कोणी पैसे खाल्ले नव्हते, मार्क कमी पडले एवढंच. आणि त्याच डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या सहा शाळा तशाच मार्कांवर वर्षानुवर्षं चालू आहेत, त्यांना कोण विचारतं रिन्यूअल?

हिशेब_तपासनीस

मी चार्टर शाळांची ऑडिट्स करते, ९ वर्षं झाली, त्यामुळे थोडं आतलं सांगते.

सगळे रिन्यूअलच्या मीटिंगकडे बघतात. पण खरी देखरेख दरवर्षीची असते किंवा असायला हवी. कायद्यात डिस्ट्रिक्टवर बंधन आहे की वर्षातून एकदा तरी प्रत्येक चार्टरला भेट द्यायची, आर्थिक स्थितीवर लक्ष ठेवायचं. लॉस एंजेलिसचा चार्टर विभाग भेटीनंतर चार बाबतीत १ ते ४ असे आकडे देतो (४ सर्वांत चांगला): बोर्डाचा कारभार, मुलांची प्रगती, शाळेचं रोजचं व्यवस्थापन आणि पैसा. रिपोर्ट सार्वजनिक असतात. ताई, मैत्रिणीच्या डिस्ट्रिक्टने असलं काही केलं होतं का ते बघा, कारण सलग तीन वर्षं प्रगतीला २ मिळत असतील तर मार्चमधला धक्का हा धक्का नाहीच, फक्त पालकांपर्यंत ते कोणी पोचवलं नाही.

या देखरेखीसाठी डिस्ट्रिक्टला शाळेच्या उत्पन्नाच्या १ टक्क्यापर्यंत फी घेता येते, इमारत जवळपास फुकट दिली असेल तर ३ टक्क्यांपर्यंत. आता याची दुसरी बाजू बघा. दुकानाच्या उपमेत तुम्ही म्हणता डिस्ट्रिक्ट चार्टर मारायला टपलेलं असतं, पण ग्रामीण भागात नेमकं उलटं झालं. सॅन डिएगो काउंटीतली डेहेसासारखी चिमुकली डिस्ट्रिक्ट्स, स्वतःची मुलं शेकड्यात, आणि परवानगी दिलेली ऑनलाइन चार्टर हजारो मुलांची, कारण ती फी हेच मोठं उत्पन्न. त्यातूनच ए३ या ऑनलाइन चार्टर चालवणाऱ्या संस्थेचं प्रकरण झालं, २०१९ मध्ये ११ जणांवर आरोपपत्र. मुलं कागदावर आणि सरकारी पैसा खात्यात. एवढ्या शाळा तपासायला माणसं कुठे होती त्या डिस्ट्रिक्टकडे? फी मात्र दरवर्षी जमा.

म्हणजे स्पर्धक नसलेलं डिस्ट्रिक्ट हा काही उपाय नाही. मला तरी तपासणाऱ्याच्या खिशात ती फी किती मोठी आहे हाच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

बोर्डावर_खडू

मी चार्टरमध्ये शिकवते, सातवी-आठवी, इंग्रजी. सगळे कायद्याचं बोलताय, वर्गातलं कोणीच बोलत नाही म्हणून लिहितेय.

एबी १५०५ नंतर शाळांचे तीन गट झाले. स्टेटच्या डॅशबोर्डवर, म्हणजे शाळांच्या प्रगतिपुस्तकावर, लाल (सर्वांत वाईट), केशरी, पिवळा, हिरवा, निळा असे रंग असतात, गट मुख्यतः त्यावरून ठरतो. वरच्या गटात असाल तर ५ ते ७ वर्षं मिळतात, मधल्याला ५, आणि खालच्या गटाला मुळातच नकार. नियमाने नकार, अपवादाने २ वर्षं, तीही शाळा सुधारण्यासाठी ठोस पावलं उचलतेय आणि मुलांची वाढ होतेय हे ठरावीक मान्य चाचण्यांच्या आकड्यांनी सिद्ध केलं तर. माझ्या वर्गात मागच्या वर्षी ३१ मुलं होती, त्यातली ११ दोन वर्षांच्या आत या देशात आलेली, ग्वाटेमाला, एल साल्वादोर. एक मुलगा सप्टेंबरमध्ये एक वाक्य लिहू शकत नव्हता आणि मे मध्ये त्याने आजीवर दीड पान लिहिलं. राज्याच्या परीक्षेत तरी तो "लेव्हल १", म्हणजे सगळ्यात खालची पातळी. रंग लाल. त्या दीड पानाला डॅशबोर्डवर कुठे जागा आहे सांगा मला?

स्टॅनफर्डच्या क्रेडो या संशोधन केंद्राने २०१४ मध्ये लॉस एंजेलिसचा अभ्यास केला होता, चार्टरची मुलं तशाच इतर मुलांपेक्षा वर्षाला वाचनात ५० दिवसांच्या आणि गणितात ७९ दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे निघाली. याबद्दल रिन्यूअलच्या मीटिंगमध्ये कोणी चकार शब्द काढत नाही.

जुना_मास्तर

बाई, ते दीड पान खरं आहे आणि त्याची किंमत मला कळते, मीही अशीच मुलं शिकवली. पण क्रेडोचा आकडा सगळ्या चार्टरची सरासरी आहे, रिन्यूअल एका शाळेचं असतं. सरासरीच्या छत्रीखाली वाईट शाळा लपते, आणि तिच्यातल्या मुलाला ७९ दिवस मिळत नाहीत.

आणखी एक सांगतो, ते इथे कोणी काढलंच नाही. कोविडनंतर २०२१ मध्ये राज्याने संपत आलेल्या चार्टरना सरसकट २ वर्षांची मुदतवाढ दिली आणि २०२३ मध्ये अजून एक वर्ष. म्हणजे काही शाळांनी ५ ऐवजी ८ वर्षं बोर्डासमोर रिन्यूअलसाठी उभंच राहिलं नाही. सहावीतलं पोर तेवढ्यात हायस्कूल संपवून बाहेर पडतं. तुम्ही म्हणता रिन्यूअल कडक आहे, मला तर ते मधली काही वर्षं गायबच दिसलं.

बाकी, माझ्या शेवटच्या शाळेच्या आवारातच एक चार्टर होती. २००० साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉप ३९ या कायद्यामुळे डिस्ट्रिक्टला चार्टरला जागा द्यावीच लागते. आमची कॉम्प्युटर लॅब गेली, नर्सची खोली वाटून घेतली, जेवणाच्या सुट्ट्या ११ पासून टप्प्याटप्प्याने. त्या चार्टरच्या मुलांचा काहीच दोष नव्हता, गोड पोरं होती. पण चार्टर पालकांना ही किंमत दिसत नाही कारण ती दुसऱ्याचं मूल मोजतं. २०२४ मध्ये बोर्डाने काही गरजू शाळांच्या आवारात चार्टर बसवण्यावर मर्यादा घातल्या तर चार्टर संघटना कोर्टात गेली.

कोथरूडकर

इथून वाचतोय. आपल्याकडेही आकांक्षा, मुक्तांगण अशा संस्था महापालिकेच्या शाळा चालवतात, चांगल्या चालवतात असं ऐकून आहे. पण करार संपताना महापालिका काय तपासते, कुठले आकडे, सुनावणी होते का, हे मला पुण्यात बसूनही कुठे वाचायला मिळत नाही. २०२३ ला दत्तक शाळा योजनेचा जीआर आला तेव्हा गदारोळ सगळा खासगीकरण हवं की नको यावर झाला, मुदत संपल्यावर कोण कशावर मोजणार हे फारसं कोणी विचारलं नाही. तुमच्याकडे निदान १५ दिवस आधी रिपोर्ट तरी येतो हो.

रेसेडाची_आई

दादा, येतो, पण कधी येतो त्यावरच तर हा धागा आहे.

काल रात्री मैत्रिणीशी बोलून तिच्या शाळेचे जुने रिपोर्ट शोधले. तपासनीस ताई, तुमचं बरोबर निघालं. दोन वर्षं सलग प्रगतीच्या रकान्यात शेरे खराब होते. पालकांना गेलेल्या पत्रांत मात्र फक्त "आमची भेट उत्तम झाली" आणि फोटो. म्हणजे शाळेनेच लपवलं आणि माझा राग फक्त डिस्ट्रिक्टवर होता, तो आता अर्धा शाळेवर आलाय. २०१९ च्या कायद्याने २०२० पासून चार्टर बोर्डाच्या बैठकाही सार्वजनिक कराव्या लागतात, पण आम्ही कधी गेलो? नाही गेलो.

तरी काकांना उत्तर देतेच. रिन्यूअल ८ वर्षांनी आलं ही माझ्या बाजूची गोष्ट आहे, तुमच्या नाही. एवढा वेळ होता तर निर्णय मार्चपर्यंत का ढकलला?

हिशेब_तपासनीस

याचं उत्तर कायद्यात आहे. पेटिशन आली की ६० दिवसांत सुनावणी आणि ९० दिवसांत निर्णय. मार्चमध्ये निर्णय झाला याचा अर्थ शाळेने पेटिशनच डिसेंबरच्या आसपास दिली. जुलैत दिली असती तर ऑक्टोबरमध्ये उत्तर आलं असतं. काही शाळा मुद्दाम थांबतात, नवीन डॅशबोर्डचे रंग वर्ष संपत आलं की येतात, एखादा रंग सुधारेल या आशेवर.

बोर्डावर_खडू

थांबणारच ना! जुन्या रंगावर शाळा मरायची आणि नवीन रंग दोन महिन्यांनी आलेला असायचा, असं कोणाला हवंय? आमच्या प्रिन्सिपॉलने पण थांबायचंच ठरवलंय आणि मी तिच्या बाजूने आहे.

रेसेडाची_आई

मग निदान पालकांना सप्टेंबरमध्येच कळवा, की यंदा रिन्यूअल आहे, आपण खालच्या गटात आहोत, बाकी शाळांचे अर्ज भरून ठेवा. मैत्रिणीने भरला असता, दहा मिनिटांचं काम होतं.

बोर्डावर_खडू

आणि ते पत्र वाचून ६० मुलं लगेच काढली गेली तर ते बजेट जून गाठत नाही, ताई. मग रिन्यूअलची गरजच उरत नाही.

जुना_मास्तर

तरीही सांगायला हवं. मूल त्यांचं आहे.