मदत हवी आहे: पोत्यांचे नंबर मेमरीत ठेवायला सी++ चा कुठला कंटेनर (डेटा साठवायची रचना) घ्यावा?

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामासाठी सी++ मध्ये प्रोग्रॅम लिहितोय. प्रत्येक पोत्यावर बारकोड, त्यात ३२ बिटांचा नंबर. पोतं काट्यावरून आत आलं की नंबर संचात घालायचा, गाडीत चढलं की काढायचा. वर व्यापाऱ्यांना ‘सौदा झालाय पण माल उचललेला नाही’ अशी यादी दर तासाला हवी, म्हणजे ‘सौदा झालेले’ आणि ‘गोदामात असलेले’ या दोन संचांतलं सामाईक काढणं आलं.

काट्याशेजारच्या मशीनला रॅम ५१२ एमबी. सध्या अनऑर्डर्ड सेट (सी++ चा तयार हॅश-संच) वापरतोय. नंबर चार बाइटचा, पण त्याचा नोड (नंबर ठेवायची डबी), पुढच्या नोडचा पॉइंटर (पत्ता), मॅलॉकची (मेमरी वाटणाऱ्या फंक्शनची) भर आणि बकेटचा (हॅशच्या खणांचा) तक्ता धरला तर एका पोत्यामागे चाळीसेक बाइट जातात. हंगामात हे झेपणार नाही. सरळ बिटसेट (दर नंबरामागे एक बिट, आहे किंवा नाही) घ्यावा तर ३२ बिटांची सगळी रेंज धरायला बरोब्बर ५१२ एमबी लागतात, म्हणजे अख्खी रॅमच!

नंबर प्रत्येक अडत्याला सलग गठ्ठ्याने दिलेत, मधे मोठमोठी भगदाडं आहेत. व्हेक्टर बूल (हो-नाहीची, बिटांत दाबून ठेवलेली यादी) चालेल का? काटा आणि गेट असे दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅमचे भाग) त्यात लिहितात.

सातारी कंदी
व्हेक्टर बूलच्या वाटेला जाऊ नका. एक तर रेंज तेवढीच, त्यामुळे रॅमही तेवढीच. त्यात शेजारचे बिट मेमरीच्या एकाच वर्डमध्ये (एकत्र वाचल्या-लिहिल्या जाणाऱ्या तुकड्यात) बसतात, म्हणून दोन थ्रेडनी वेगवेगळ्या नंबरांना हात लावला तरी डेटा रेस होते, म्हणजे एकाचं लिहिणं दुसऱ्याच्या लिहिण्यात बिघडू शकतं. बाकीच्या व्हेक्टरांत हा ताप नाही.

रोअरिंग बिटमॅप ही लायब्ररी बघा, ती असे संच दाबून ठेवते. नंबराचे वरचे १६ बिट म्हणजे कप्पा, खालचे १६ म्हणजे कप्प्यातली जागा. कप्प्यात ४,०९६ पर्यंत नंबर असले तर दोन-दोन बाइटांची क्रमवार यादी, त्याहून जास्त झाले की ८ केबीचा बिटमॅप. सलग नंबरांसाठी ‘रन’ कप्पाही आहे, पण त्यासाठी रनऑप्टिमाइझ हे तिचं फंक्शन आपण बोलवावं लागतं. सामाईक काढणं कप्प्याकप्प्याने होतं, म्हणून झटपट.

कृष्णाकाठचा
धन्यवाद भाऊ. पण त्या मशीनवर बाहेरची लायब्ररी चढवायची म्हणजे गोदामवाल्याची परवानगी आली. घरचं काही?

सातारी कंदी
मग हेच हाताने करा. ६५,५३६ पॉइंटरांचा ॲरे, ६४ बिट मशीनवर ५१२ केबीत बसतो. कप्पा लागेल तेव्हाच ६५,५३६ बिटांचा बिटसेट हीपवर (चालू प्रोग्रॅममध्ये मागून घेतलेल्या मेमरीत) घ्यायचा, ८ केबीचा. दोन्ही संचांत जे कप्पे आहेत त्यांचाच अँड (दोन्हीकडे असलेले बिट तेवढे ठेवणं), मोजणीला बिटसेटचं काउंट. दोन थ्रेड एकदम लिहू नयेत म्हणून लॉक हवं, त्यासाठी एक साधा म्यूटेक्स पुरे. काट्यावर मिनिटाला पोती येऊन येऊन किती येणार? ॲटॉमिकच्या (लॉकशिवाय सुरक्षित लिहिण्याच्या) नादाला लागायची गरजच नाही.

फक्त एक सांगा, अडत्याचा एक गठ्ठा साधारण किती नंबरांचा असतो? शंभर-दोनशेचाच असेल आणि असे गठ्ठे रेंजभर विखुरलेले असतील, तर ८ केबीचा कप्पा उधळपट्टी ठरेल. त्यापेक्षा ‘कुठून कुठपर्यंत’ अशा जोड्यांचा क्रमवार व्हेक्टर ठेवा.