"मले घरीच राहू द्या"

'डीएनआर (हृदय थांबलं तर ते पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नका, अशी पेशंटच्या कागदावरची नोंद) लिहिणं म्हणजे पेशंटला वाऱ्यावर सोडणं' असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. आयसीएमआरच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे हृदय थांबल्यावर सीपीआर (छाती दाबणं, कृत्रिम श्वास देणं) तेवढा टाळायचा असतो. वेदनाशामक, शुश्रूषा, बाकी उपचार चालूच राहतात.

आमच्या मोठ्या आईला (आजीला) यकृताचा कॅन्सर. गाव आर्णीच्या पुढे. ती म्हणायची, "मले आता नागपूरले नेऊ नका, घरीच राहू द्या." आम्ही ऐकलंही. पण शेवटच्या रात्री पुण्याहून आलेल्या काकांनी गाडी बोलावली अन् दवाखान्यात बरगड्या मोडेस्तोवर सीपीआर झाला. तिचं म्हणणं कागदावर नव्हतंच, डॉक्टर तरी काय करतील? (बिलात सोयाबीनचा सगळा पैसा गेला, ते वेगळंच.)

शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायच्या इच्छापत्रावर (लिव्हिंग विल) २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. नोटरी तर तालुक्याला बसलेलाच असतो. मला जास्त खटकतं ते दुसरंच: घरीच राहू द्यायचं ठरवलं, तर रात्री दोनला कळा सुरू झाल्यावर मॉर्फीनची (तीव्र वेदनांवरची) गोळी खेड्यात आणायची कुठून?