विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, हे विकणाऱ्याने आपणहून सांगायला नको का?

धागा काढणारी, गुहागर तालुका
दिवाळीनंतर आम्ही खाडीजवळच्या वाडीत जुनं चिऱ्याचं घर घेतलं. तेव्हा विहिरीचं पाणी गोड होतं. एप्रिलमध्ये ते इतकं मचूळ झालं की डाळ शिजेना. विकणाऱ्या काकांना फोन केला, तर म्हणाले, "दरवर्षी होतं ते. तुम्ही विचारलंत कुठे?"

माझं मत स्पष्ट आहे. जी गोष्ट कळायला घरात बारा महिने राहावं लागतं, ती विकणाऱ्याने न विचारता सांगावी. मे महिन्यातलं पाणी, पावसात गळणारी पडवी, पाखाडी (दगडी पायवाट) कुणाच्या जागेतून जाते, सगळंच. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ मध्येही आहे की साधारण काळजी घेऊन घेणाऱ्याला कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड करायचा.

प्रतिसाद, लांजा
असहमत. माझ्या आईने चौऱ्याहत्तराव्या वर्षी घर विकलं. घेणारे मुंबईहून वकील आणि इंजिनियर घेऊन आले होते. ती एकटी, शिक्षण चौथी. अशा बाईने कलमं पाळून दोषांची यादी द्यायची? तुम्ही म्हणता त्याच कलमात "साधारण काळजी" आहे. खाडीकाठी विहीर घेताना शेजारी विचारणं ही साधारण काळजीच झाली.

प्रतिसाद, चिपळूण
लांजावाल्यांची आई गप्प राहिली असेल तर मी समजू शकतो. पण लपवणं वेगळं. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी माणसाच्या डोक्यावरून गेलं. नंतर भिंतींना नवा रंग लागला आणि काही घरं विकायला निघाली. करार कायदा, १८७२ च्या कलम १७ प्रमाणे नुसतं मौन ही सहसा फसवणूक ठरत नाही, पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ठरते. पुराची खूण कुठवर होती ते साठेखतातच लिहावं. विकताना मी तसंच करणार, भाव पडला तरी.

प्रतिसाद, मालवण
आणि घरात कोणी जीव दिल्यान असात तर? माझ्या मते ता सांगूक नको. तो दोष घराचो नाय.

प्रतिसाद, राजापूर
पाणी, पूर राहू द्या, कोकणात खरा घोळ हिश्शाचा. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव, वारस नोंद झालेली नाही, आत्यांनी हक्कसोड दिलेलं नाही, आणि एक पुतण्या घरपट्टीचा उतारा दाखवून विसार घेतो. घरपट्टी भरली म्हणून मालकी सिद्ध होत नाही. आमच्याच घरात हे झालं आणि घेणारा बिचारा अजून खेटे घालतोय. सहहिस्सेदार किती आणि कुणाची सही बाकी, हे विसाराआधी सांगायलाच हवं. नक्की ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" असं लिहून द्या.

प्रतिसाद, लांजा
हिश्शाचं मान्य. पण घेणाऱ्याच्या तोंडाला कुलूप का? त्याच कलम ५५ नुसार, विकणाऱ्याचा हक्क त्याला वाटतो त्याहून मोठा आहे असं घेणाऱ्याला कळलं आणि त्यामुळे किंमत बरीच वाढत असेल, तर त्यानेही ते सांगायचं असतं. जवळून नवा रस्ता जाणार, ही बातमी मात्र तो पोटात ठेवू शकतो. माझ्या आईला तीच नंतर कळली. हे मला अजून सलतं.

धागा काढणारी
लांजा, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. रस्त्याचं घेणाऱ्याने सांगायला हवं होतं, त्यात मी तुमच्या बाजूने. पण शेजाऱ्यांचं म्हणाल, तर आमच्या वाडीतली दोन्ही लगतची घरं बंद असतात, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. पाण्याची चवही घेतली होती, नोव्हेंबरात. काकांनी सांगितलं असतं तरी घर घेतलंच असतं. पावसाचं पाणी साठवायला पन्हळ आणि टाकी मात्र पहिल्या पावसाआधी झाली असती.