हेडलाइटची काच घरी बदललीय का कुणी? मदत हवी आहे

गाडीचे दोन्ही हेडलाइट मोतीबिंदू झाल्यासारखे धुरकट झालेत. मागे ८०० पासून २००० नंबरपर्यंतच्या वॉटर पेपरने घासून चकाचक केले होते, पण वरून यूव्ही कोटिंग (उन्हापासून वाचवणारा थर) मारलं नाही (आळस, दुसरं काय!). काही महिन्यांत पुन्हा पिवळे. आता आतल्या बाजूने केसासारख्या चिरा दिसतायत, म्हणजे घासून उपयोग नाही. म्हणून नुसती पुढची काच मागवलीय.

घोडं अडलंय जुनी काढताना. हीट गनने कडेचा सीलंट (काच चिकटवणारा मसाला) मऊच होईना. स्क्रूड्रायव्हर घातला तर हाउसिंगचा (काचेमागच्या प्लास्टिकच्या खोक्याचा) टवका उडाला. ब्युटाइल (गरम केल्यावर मऊ होणारा रबरी सीलंट) असता तर च्युइंगगमसारखा ताणला गेला असता ना? हा कडक कापून काढायचा कशाने? आणि नवी बसवल्यावर आत वाफ धरू नये म्हणून काय करता?